घराणी छापणारे साडू

मेलेल्या माणसांत इतका रमलेला जिवंत माणूस आमच्या साडूंशिवाय अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडूंनी त्याला आधीच गाठून त्याच्या सात पिढ्या लिहून घेतल्या असतील. रस्त्यात कुणी भेटलं तर लोक तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. हे विचारणार, "पाटील, तुमच्या चुलतपणजोबाला बायका दोन का तीन?" एकदा अंबडच्या बसस्टँडवर मला घेरी आली. मी बाकावर आडवा झालो, माणसं कांदा हुंगवायला लागली, आणि डोळे उघडून बघतो तर साडू माझ्या उशाशी, मांडीवर वही उघडलेली. "बरं वाटून राह्यलं का?" म्हणाले. मी मान हलवली. "मंग तेवढं आजीच्या माहेरचं गाव सांगून टाका. माणसाचा काय भरोसा न्हाई." घेरी जागच्या जागी उतरली.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. माझी बायको कौशल्या आणि साडूंची बायको या सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. म्हणून ते कौशल्याचे दाजी आणि माझे साडू. कौशल्या गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून कागदावर बोलतो. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं दुसरीकडं जावं.

साडूंना वेड एकच. भागातल्या खानदानी घराण्यांचं पुस्तक छापायचं. देशमुख कोण, जहागीरदार कोण, कुणाच्या पोटी कोण, कोण कुठून फुटून कुठल्या गावी गेला, सगळं पिढीवार. अशी पुस्तकं म्हणे गोऱ्या साहेबाच्या काळात राजेरजवाड्यांची निघत, हैदराबादेत नवाबांची निघत, जाडजूड, सोनेरी अक्षरांची. "मंग आपल्याकडच्या देशमुखांनी काय पाप केलं?" असा त्यांचा सवाल. जालना वेगळा जिल्हा झाला त्या साली हे वेड उफाळून वर आलं. "जिल्हा झाला, कलेक्टर आला. आता जिल्ह्याला खानदान नको का?" तेव्हा ते अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची बैलगाडी काट्यावर चढली की वजन लिहायच्या आधी गाडीवानाला विचारणार, ऊस कुणाचा? अमक्या देशमुखाचा. कोणते देशमुख, थोरल्या घरचे का धाकट्या? गाडीवान बिचारा परमुलखातला, तो काय सांगणार? मागं गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, बैल जुवासकट खाली बसलेले, माणसं शिव्या देऊन राह्यलेली. शेवटी वरच्या साहेबानं त्यांना काट्यावरून उचललं आणि कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. दुसऱ्याला ही शिक्षा वाटली असती. साडूंनी पेढे वाटले. त्या खोलीत भागातल्या प्रत्येक ऊसवाल्याचं नाव बापाच्या नावासकट लावून ठेवलेलं होतं.

आणि नवल म्हणजे साडूंचं स्वतःचं घराणं त्या पुस्तकात कुठंच नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "आमचं खानदान न्हाई, पाटील. आमची नुसती माणसं व्हती."

कुणाचा दहावा असला की साडू गोदावरीच्या घाटावर हजर. सगळा गोतावळा एका जागी सापडतो, म्हणून. बाकीचे कावळ्यासाठी आभाळाकडं बघत असत, हे एकेकाजवळ सरकून मयताच्या आजोबाचे भाऊ किती ते विचारत. मला शरमेनं नदीत उतरावंसं वाटे. एका दहाव्याला मात्र कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं, पोरं रडकुंडीला आली, कुणी म्हणे शेताचा शब्द द्या, कुणी म्हणे धाकटीच्या लग्नाचा द्या. सगळे शब्द देऊन झाले. मंग साडू पुढं झाले, वही काखेत मारली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, तुमच्या घराण्याला पुस्तकात पुरं पान देतो." आणि कावळा शिवला! मी या डोळ्यांनी बघितलं, तोंडाचा आ तसाच राहिला माझा. त्या दिवसानंतर लोक त्यांना दहाव्याला मानानं बोलवायला लागले.

आमच्या घरी आले की ते खडू घेऊन माझ्या अंगणात वंशावळ आखत. मूळपुरुष तुळशीपाशी, तिथून पोरं, नातवंडं, पणतू फाटकापर्यंत. मी बैलाला पाणी दाखवायला निघालो की ओरडणार, "पाय संभाळा! तुमी मोठ्या देशमुखाच्या छातीवर उभे हाव!" माझ्याच अंगणात मी भिंतीला धरून चालायचो. एकदा म्हैस सुटली आणि चार पिढ्या पुसून फाटकाबाहेर गेली. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. कौशल्यानं ताट वाढून ठेवलं तर म्हणाले, "पोरी, चार पिढ्या गेल्या, घास कसा उतरंल?"

पण एक गोष्ट मी कबूल करतो. या माणसानं खोटं कधी छापलं नाही. घनसावंगीकडच्या एका घराण्यात भिंतीवर काचेत बसवलेला एक उर्दू कागद होता. निजामानं पणजोबाला दिलेली जहागिरीची सनद. दसऱ्याला तिला हार घालत, नव्या सुनेला तिच्या पाया पडायला लावत. घरात उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं. साडूंनी ती काच छातीशी धरून जीपमधून अंबडला आणली, मीही संगतीला होतो, आणि उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांपुढं ठेवली. मास्तरांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मंग चष्मा काढला. "भाईसाहब, सनद-बिनद कुछ नहीं। इनके परदादा के तीन भैंसां सरकारी रमने में, राखीव कुरणात, घुसे थे. कोंडवाड्याचा हुकूम हाय हा." मला तर हसावं का पळावं कळेना. साडू पांढरे पडले. सांगावं तर सुना काय म्हणतील, आणि सनद म्हणून छापावं तर हात धजत नाही. महिनाभर तळमळले आणि शेवटी छापलं: "या घराण्याचा निजाम सरकारशी जनावरांच्या संदर्भात थेट पत्रव्यवहार होता." घराणं खूश झालं. पुढच्या दसऱ्याला हार आणखी मोठा होता.

पहिलं पुस्तक छापलं ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, एका लहान छापखान्यात. तो छापखाना मुळात लग्नपत्रिकांचा. लगीनसराई आली की खानदानी घराणी बाजूला सरकत आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पुढं येई. साडू तिथं स्टुलावर बसून राहत, हातात रिकामा कप, जणू यांच्याच पोरीचं लग्न. दुसऱ्या आवृत्तीत जुळवणाऱ्याकडून दोन पानांचे खिळे इकडचे तिकडं झाले आणि दोन घराण्यांचे पूर्वज एकमेकांच्या घरी गेले. पुस्तकं वाटून झाल्यावर हे ध्यानात आलं. माफी मागायला दोन्ही घरी मला घेऊन गेले, कारण मार पडला तर वाटून घ्यायला कुणी पाहिजे. पहिल्या घरी आमच्या दोघांच्या आया-बहिणींचा उद्धार झाला. दुसऱ्या घरचा म्हातारा मात्र शांतपणे तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "छापून आलं ते आलं. त्यांच्यातला एक लढाईत पडल्याला हाय. आमच्यातले समदे तापानं गेले. ऱ्हाऊ द्या आम्हाला हेच पूर्वज." साडू बाहेर येऊन ओट्यावर मटकन बसले. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांनी ठरवलं, दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. आणि ती नजर मिळाली आमच्या घरात. कौशल्या सातवी पास होती आणि वाचण्याचा तिला भारी नाद. वाण्याच्या पुडीचा कागद वाचून मंग फेकायची. चुलीपुढं बसून, एक हात तव्यावर, दुसऱ्या हातात शिसपेन्शील, असे तिनं या भागातले सगळे बापजादे तपासले. छापखान्यातल्या खुणा साडूंनी तिला शिकवल्या; शब्द काढायचा तर त्यावर रेघ मारून बाजूला कशी शेपटी काढायची, ते तिच्या हातात असं बसलं की दुधाच्या हिशेबातही ती शेपट्या काढायची. "दाजी, हा पोरगा बापाच्या आधी जल्मला. इतकी कामून घाई?" असं ती तिथूनच ओरडायची, आणि साडू कपाळावर हात मारून पळत यायचे.

आमचं घराणं तसं किरकोळ, अर्धं पान. सतरा पुरुष, गेलेल्या दोन बाया आणि एक घोडा. माझ्या पणजोबाला कुण्या अंमलदारानं घोडा दिला होता, त्याचं नाव शहाजादा; ते साडूंनी पुराव्यासकट छापलं. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी कौशल्या त्या पानावर थांबली.

"दाजी, घोड्याचं नाव हाय. माझं कुठंय?"

"अगं हाय की. हे बघ, पाटलांच्या नावाखाली. भार्या हयात."

"म्हंजी मी हाय, इतकंच."

"खानदानी बाईचं नाव ती हयात असताना चारचौघांत छापत न्हाईत, कौशल्या. गेल्यावर छापतात. मानानं. कै. सौ. लावून."

"बरंय की. घोडा लई नशिबाचा."

ती हसली, साडू हसले, आणि मीही हसलो. मी गावात कुणालाही तोंडावर बोलणारा माणूस. सरपंचाला बोललो, तहसीलदाराला बोललो. पण त्या दिवशी बायकोच्या बाजूनं एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. हे मला आज आठवतं तेव्हा जेवण जात नाही.

चौथ्या आवृत्तीपर्यंत खिळे गेले, कंप्युटर आला. साडू कारखान्यातून निवृत्त झाले होते, जालन्याहून गुळगुळीत कागदावरची पानं घेऊन येत. तोवर कौशल्या अंथरुणाला लागली होती. पोटात गाठ. औरंगाबादला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पोरासोरांना बोलवून घ्या म्हणून सांगितलं. आम्हाला पोरं नाहीत. तिला घरी आणलं. उशीला टेकून ती तपासायची, दिवसाला एखादं पान. आणि एके दुपारी पेन्शील ठेवून म्हणाली, "दाजी, या खेपेला माझं नाव छापा. मला बघायचंय."

साडू पानं गोळा करत होते, ते तसेच थांबले. "कौशल्या, नियम हाय गं. उद्या दुसरे म्हणतील, घरचं म्हणून मोडला."

मंग माझा तोल गेला. "आग लावा तुमच्या नियमाला! वीस वर्षं तिनं तुमची भुतं तपासली. एक ओळ मागून राह्यली ती, एक! तिच्यापाशी किती दिवस हायत ते तुम्हाला बराबर माहिती हाय." साडूंनी पिशवीला सुतळी बांधली आणि चहा न घेता निघून गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्यानं परत आले. दाढी वाढलेली, टोपी तिरपी. पिशवीतून एक छापील पान काढून कौशल्याच्या हातात दिलं. तिला त्या दिवशी नीट दिसत नव्हतं, तिनं पान माझ्याकडं केलं. "वाचा." मी अक्षर लावून वाचणारा माणूस. बापाचं नाव वाचलं, माझं वाचलं, खाली आलो. छापलेलं होतं: कै. सौ. कौशल्या. ते माझ्या तोंडून निघून गेलं आणि मंग मला कळलं मी काय वाचलं. ती समोर बसलेली, श्वास चालू, कपाळावर कुंकू, आणि माझ्या हातात ती मेलेली. पुढं गेल्याची तारीख घालायला जागा कोरी सोडली होती. मी साडूंची पिशवी अंगणात भिरकावली आणि सत्तरीच्या त्या माणसाची गचांडी धरली.

"पाटील," ते म्हणाले, सोडवून घेईनात सुद्धा, "दुसरा रस्ता न्हाई दिसला हो. तिला नाव बघायचंय. हयात बाईचं छापता येत न्हाई. मी काय करू?"

"सोडा त्यांना," कौशल्या म्हणाली. "पान इकडं द्या."

तिनं पान डोळ्यांशी नेलं. नावावरून बोट फिरवलं, हळू, शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवावा तसं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "दाजी, आजवर तुमी मेल्यालं माणूस जिवंत करत व्हता. हे उलटं कधी शिकला?" हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं पेन्शील मागितली. 'कै.' वर रेघ मारली आणि बाजूला शेपटी काढली. तारखेच्या कोऱ्या जागेवरही मारली. "तुमी खोटं छापत न्हाईत ना? मी जित्ती हाय तवर हे खोटं हाय. दोन नियम हायत तुमचे. एक ठेवा, एक सोडा."

दहाव्याला सुद्धा ज्याचा डोळा कधी ओला झाला नाही तो माणूस तिच्या खाटेच्या पायाशी बसून टोपीनं तोंड पुसत होता. टोपी परत डोक्यावर ठेवून म्हणाला, "तुझं एकटीचं छापता यायचं न्हाई. छापायचं तर समद्या बायांचं छापावं लागंल."

"मंग छापा की समद्यांचं. मी कुठं न्हाई म्हणते?"

आणि तयार झालेलं पुस्तक बाजूला ठेवून साडू पुन्हा गावोगाव निघाले, एसटीनं, जीपनं, जिथं काही जात नाही तिथं पायी. पणजोबाचं नाव विचारलं तर छाती फुगवणारी माणसं बायकोचं नाव विचारल्यावर दचकायची. "कामून? पोलिसात काही झालं का?" एक देशमुख बराच वेळ विचार करत बसले. म्हणाले, "आमी 'अगं' म्हणतो." मंग आत तोंड करून, "अगं, तुझं नाव काय?" आतून आवाज आला, "लग्नात तांदळावर अंगठीनं कुणी लिहिलं व्हतं? तुमीच ठिवलं, तुमीच आठवा!" साडू परत आले की खाटेपाशी बसून हे कौशल्याला सांगत. ती हसे, आणि अंगात असेल तितक्या बळानं त्या दिवशीची नावं पानावर चढवी. शेवटी शेवटी अक्षर वेडंवाकडं यायला लागलं. अर्धी गावं व्हायची होती आणि ती गेली, पोळ्याच्या आधी. दहाव्याला साडू आले होते. वही आणली नव्हती.

पुस्तक निघायला त्यानंतर आणखी वर्ष गेलं. साडूंनी पहिली प्रत मला आणून दिली. मी अक्षर लावत आमच्या अर्ध्या पानापर्यंत आलो. माझी आजी होती, आई होती, दोघींना कै. होतं, बराबर होतं. माझ्या नावाखाली होतं: सौ. कौशल्या. एवढंच. मी परत वाचलं. वाटलं डोळे गेले.

"साडूभाऊ, चुकलं हे. दुरुस्ती ऱ्हायली. वरीस झालं तिला जाऊन."

"चुकलं न्हाई."

"अहो, कै. न्हाई लावलं."

"ते पान तिनं तपासल्यालं हाय, पाटील. तिनं खोडल्यालं मी परत लावणार न्हाई."

"पण मंग खोटं छापलं की तुमी."

"व्हय," म्हणाले. "तेवढं एक."

आता या पुस्तकात बघून लोक लग्नपत्रिका पाठवतात. पाकिटावर माझं नाव असतं आणि शेजारी सौ. कौशल्या. ओळखीचे ओळखतात, लांबच्यांना काय माहिती. मी जातो लग्नाला. मांडवाच्या तोंडाशी कुणी बाई हळदीकुंकू घेऊन उभी असते, माझ्या मागं बघते आणि विचारते, "काकू न्हाई आल्या?" कुणाचं काही चुकलं की तिथल्या तिथं सुनावणारा माणूस मी. पण हे मला दुरुस्त करवत नाही. "न्हाई जमलं तिला," म्हणतो आणि पंगतीकडं चालायला लागतो.

साडूंना आता डोळ्यांनी कमी दिसतं. तरी चार-दोन दिवसांनी कुणाच्या गाडीवर बसून माझ्याकडं येतात. लोक पाचव्या आवृत्तीसाठी मागं लागलेत, नवी पोरं जन्मलीत, जुनी माणसं गेलीत, बरंच बदलायचं आहे. साडू ऐकून घेतात. "तपासायला माणूस न्हाई," एवढंच सांगून त्यांना वाटेला लावतात, आणि मी उठून चहा ठेवतो.